हिवरखोरीच्या कड्याला टाकी

नीलांबरी निसळ यांच्यासमोर ‘साधारण’ हा शब्द काढायची सोय नव्हती. भाजीवाल्याने साधारण अर्धा किलो भरलं म्हटलं की त्या पिशवी मागे ओढायच्या आणि पुन्हा वजन करायला लावायच्या. नवरा शामकांत बँकेत असताना सकाळी निघताना साधारण सातला येतो म्हणाले, की त्या दारातच विचारायच्या, सातच्या अलीकडे की पलीकडे. नगरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवत, तिथल्या पोरांनी एकमेकांना ताकीदच देऊन ठेवली होती की तोंडी परीक्षेत काळ्या दगडाला संगमरवर म्हणा, पण साधारण म्हणू नका. कॉलेजात सगळे त्यांना दगडाच्या मॅडम म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दगडाचा नाद त्यांना लागला तो श्रीगोंद्याला. वडील तिथल्या शाळेत संस्कृत शिकवायचे, आजोबा पंचांग सांगायचे, आणि मुलीने फार तर मास्तरीण व्हावं यावर घरात एकमत होतं. शेजारच्या मळ्यात विहिरीचं काम निघालं आणि सुरुंगाने उडालेल्या काळ्या दगडाचा ढीग बांधाला येऊन पडला. ही पोर त्या ढिगात बसून तुकड्याला तुकडा जुळवायची. एकदा दोन तुकडे असे एकमेकांत बसले की मधली भेग कुठे आहे ते दिसेना. तिने ते पुन्हा उघडले आणि आतल्या अंगावरून बोट फिरवलं. एकाचा उंचवटा तो दुसऱ्याचा खळगा, सगळं जिथल्या तिथे. आई जेवायला हाका मारून थकली. नीलांबरीबाईंचं पुढचं आयुष्य त्या बोटामागे गेलं, आणि उरलेलं, ते समजून न घेणाऱ्या माणसांवर चिडण्यात गेलं.

पुण्याला राहून त्यांनी प्रबंध लिहिला तो खडकातल्या भेगांच्या खडबडीतपणावर. म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ आले. डोंगर कधी अखंड नसतो, त्याला भेगा असतात. भेगेच्या दोन्ही अंगांचे उंचवटे एकमेकांत अडकलेले असतात तोवर वरचा खडक खालच्यावर बसून राहतो. ते उंचवटे किती चढे आहेत हे मोजलं, तर वरचा खडक कितपत तग धरील याचा हिशेब मांडता येतो. एवढं बोलून होईपर्यंत पंगतीतली आत्याबाई ‘अगंबाई, हो का’ म्हणून मठ्ठ्याच्या वाटीकडे वळलेली असायची.

लग्नानंतर सासरी तर कहरच झाला. एका भेगेचे दोन जुळते तुकडे त्यांनी धुऊन न्हाणीघराच्या खिडकीत वाळत ठेवले होते. सासूबाईंना वाटलं, सुनेने टाचा घासायला दगड आणलाय. त्यांनी तो सगळा हिवाळा वापरला आणि शेजारणींकडे त्याची तारीफही केली. टाचा सुधारल्या, नमुना गेला. शामकांत पोट धरून हसले, म्हणून बाईंनी त्यांच्याशीही अबोला धरला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की तसला दगड पुन्हा मिळाला नाही.

मोजायचं साधन तसं साधं. वीतभर पट्टीत बारीक पोलादी सुया फणीच्या दातांसारख्या एकीला एक खेटून बसवलेल्या असतात. पट्टी दगडावर दाबली की प्रत्येक सुई आपापल्या जागी टेकून मागे सरकते आणि दगडाची रेघ सुयांवर उमटते. त्या रेघेला शून्य ते वीसमधला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काचेसारखा, वीस म्हणजे हात सोलून काढील असा. नुसत्या नजरेने ठरवलं तर दोन माणसं दोन आकडे सांगतात, म्हणून बाई रेघेचा फोटो काढून सुईसुईचा चढउतार संगणकात घालायच्या. याहून सरस लेझरचं यंत्र कॉलेजने घेतलेलं होतं, पण ते तपासणी समितीला दाखवण्यासाठी प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात होतं. वापरलं तर जुनं दिसेल, असं विभागप्रमुखांचं म्हणणं. बाईंनी विनंती करून पाहिली, भांडून पाहिलं, आणि शेवटी सुयांची पट्टीच पिशवीत टाकली.

ती पिशवी घेऊन त्या एका फेब्रुवारीत पाथर्डीच्या एसटीत बसल्या. पाथर्डीच्या पुढे डोंगरात हिवरखोरी नावाचं गाव, आणि गावापासून थोडी वर, कड्याच्या पायथ्याला, एक वस्ती. वस्तीला घरकुलं मंजूर झाली होती, पत्र्याच्या जागी पक्की घरं येणार होती. अडलं होतं ते एका दाखल्यावर. घरांच्या बरोबर डोक्यावर एक अजस्र खडक डोंगराच्या अंगावर तिरपा झोपलेला होता. गावात त्याला लाद म्हणत. लाद जागची हलणार नाही असं कुणी जाणत्याने लिहून दिलं तर घरकुलं तिथेच, नाहीतर सगळ्यांनी गाव ओलांडून शाळेमागच्या गायरानात जायचं. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीची माणसं येऊन चौदाचा आकडा देऊन गेली होती. तालुक्याच्या साहेबांना कॉलेजचा शिक्काही हवा होता.

सरपंच मच्छिंद्र स्टँडवर जीप घेऊन हजर होता. तो बागाईतदार गडी, पण वस्तीवर त्याचं जुनं घर होतं आणि त्याची आई मालनबाई तिथून हलायला तयार नव्हती. गावातल्या नव्या बंगल्यात तिने एक रात्र काढली होती आणि सकाळी उठून चालत वर गेली होती. वस्तीवरची निम्मी घरं दसऱ्यापासून ऊसतोडीला गेलेली, त्यांच्या कोंबड्या-शेळ्याही मालनबाईच सांभाळायची. मच्छिंद्रने वाटेतच सांगून टाकलं की आईचं घर तिथंच राहायला पाहिजे, बाकी मॅडम म्हणतील ते.

वर पोचल्यावर बाईंचं डोकं फिरलं. सत्काराचा कार्यक्रम ठेवलेला होता, आणि खुर्च्या मांडल्या होत्या त्या लादीच्या ऐन खाली, कारण तिथे सावली होती. बाई म्हणाल्या, जिथे माणसं बसू शकतात की नाही हे ठरवायला मी आले आहे, तिथेच मला बसवताय. लोक हसले. मच्छिंद्रने शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. बाईंनी रागारागाने बोलायला घेतलं, पण शिकवायची सवय हाडात मुरलेली. समजावं म्हणून त्यांनी दारातल्या पाट्याकडे बोट केलं. पाट्याला टाकी लावलेली असली, म्हणजे छिन्नीने ठोके मारून तो खरखरीत केलेला असला, तर वरवंटा धरून चालतो, टाकी झिजली की नुसता सरकतो. डोंगराचंही तसंच, आत खरखरीत असेल तर वरचा खडक धरून राहतो. बायांनी माना डोलावल्या. आपलं म्हणणं पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं, म्हणून बाई मनात सुखावल्या. त्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

लादीच्या शेजारी तसलीच आणखी एक लाद पूर्वी होती. ती कधीकाळी घसरून ओढ्यात गेली, आणि ती जिच्यावर टेकली होती ती तिरपी भिंत उघडी पडली. आत्ताची लादही त्याच भिंतीवर, त्याच भेगेवर टेकलेली. म्हणजे उघड्या भागात मोजलं की लादीखाली काय आहे ते कळणार. भिंतीच्या मधोमध शेळ्यांची एक आडवी वाट जात होती. बाईंनी वाटेवर उभं राहून पट्टी दाबली. सुया चांगल्या वरखाली झाल्या. पुन्हा दाबली, पुढे सरकून दाबली. आकडा तेरा, चौदा. खाली जमलेल्या बायांत डोंगराची येणी-फणी करायला आल्यात म्हणून हसणं चाललं होतं. बाईंना मात्र एक गोष्ट खटकली. पुण्याच्या माणसांनीही याच वाटेवर उभं राहून मोजलं असणार, कारण तिथे पाय ठरतो. लाद काही वाटेच्या दिशेने आडवी सरकणार नव्हती. ती सरकली तर खाली सरकणार होती, आणि त्या दिशेने कुणीच मोजलं नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलंही. आडवं ठीक दिसतंय, पण त्याला अर्थ नाही, उभं मोजायला दोर लागेल, मी पुन्हा येते. लोकांनी त्यातलं ‘ठीक दिसतंय’ तेवढं ठेवून घेतलं.

पुन्हा यायला बाईंना होळी उजाडली. या खेपेला त्या भिंतीपाशी गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. भिंत पांढरी दिसत होती. वाटेपासून हात पोचेल तिथवर, आणि शिडी लावून त्याच्याही वर, सगळ्या खडकावर छिन्नीचे ताजे ठोके होते, सुबक, ओळीने, एकसारख्या अंतरावर. वाटेवर झुंबरबाई फतकल मारून बसली होती. पदराने तोंड पुसत होती. झुंबरबाई गावोगाव फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावायची. घरोघर मिक्सर आल्यापासून तिला कुणी हाक मारत नव्हतं, आणि आता एकदम डोंगर मिळाला होता. तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं, “बारीक लावली हाय, बाई. मिरचीसुदिक वाटंल हितं.”

नीलांबरीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मच्छिंद्रकडे वळल्या आणि विचारलं की हा उद्योग कुणाच्या डोक्यातून निघाला. मच्छिंद्रने मान खाली घातली. तो म्हणाला, “पास व्हायाला पायजे ना, म्याडम. वस्तीचा प्रश्न हाय.”

“परीक्षेला डोंगर बसलाय, मच्छिंद्रराव, आणि तुम्ही बाहेरून कॉपी पुरवताय,” बाई म्हणाल्या. “लाद टेकली आहे ती आतल्या दगडावर. तिथे झुंबरबाई शिरणार आहेत का?”

यावर मालनबाई पुढे आली. काटक बाई, कासोटा घातलेली, तोंडात मिसरी. तिने शांतपणे आठवण करून दिली, “तुमीच म्हनला हुता, टाकी आसली की सरकत न्हाई.” हे खरंच होतं, आणि म्हणूनच बाईंना जास्त झोंबलं. पंचवीस-तीस वर्षं शिकवून एक दाखला लोकांच्या डोक्यात उतरला, तोही असा. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिथल्याच एका दगडावर बसून राहिल्या. झुंबरबाईला काही कळेना. आपलं काम बाईंना जाड वाटलं की काय, या काळजीत ती हत्यारं आवरू लागली.

भिंतीच्या कडेला घाणेरीचं झुडूप माजलं होतं. त्याच्यामागे खडकाचा एक पट्टा शिल्लक होता, काटे टोचतात म्हणून झुंबरबाईने सोडलेला. बाईंनी विहिरीचा दोर मागवला, तो वरच्या झाडाला आणि मग आपल्या कमरेला बांधून घेतला. पन्नाशी उलटलेली बाई पंजाबी ड्रेसवर दोर बांधून डोंगरावरून उलटी उतरते आहे, हे पाहायला सगळं गाव जमलं. मच्छिंद्र दोर सोडत होता आणि दर हाताला जपा म्याडम म्हणत होता, त्याचाही त्यांना वैताग आला. त्यांनी पट्टी उभी धरली आणि दाबली. सुया जागच्या हलल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. खाली सरकून दाबली, तेच. झुडपाची मुळं उपटून आत दाबली, तेच. रेघ सरळ, आकडा तीनच्या वर जाईना. आडवं मोजताना हात सोलणारा तो दगड उभ्या अंगाने घासून ठेवल्यासारखा होता. बाईंना हवं होतं की निदान एका जागी सुया उठाव्यात. त्या पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, पण दगडाने काही ऐकलं नाही.

दोर सोडून वस्तीवर आल्यावर सांगायचं कसं, हा प्रश्न होता. पाट्याचा दाखला एकदा अंगाशी आला होता. त्यांनी मालनबाईच्या घराच्या छपराकडे पाहिलं आणि तिचा हात धरून तिला ओट्यावर चढवलं. पत्र्यावरून आडवा हात फिरवायला लावला. वळीवर वळी, हात अडखळत गेला. मग वरून खाली फिरवायला लावला. हात वळीच्या खाचेतून सुळकन खाली आला. लादीखाली असं आहे, बाई म्हणाल्या. सगळ्यांनी आडवा हात फिरवला, म्हणून चौदा आले.

मालनबाईने हात तसाच पत्र्याच्या कडेला ठेवला. “पानी वळीनं खालीच यितं,” ती म्हणाली. “आन् खाली आमी.”

“हो.”

तिने मान वर करून लादीकडे बघितलं. मग तिने अगदी मनापासून विचारलं, “मग झुंबरीला आडव्या वळ्या खोदाया लावू का?” नीलांबरीबाईंना चिडायचं होतं, पण त्यांच्याने चिडवेना. ‘नाही’ म्हणून त्या ओट्यावरून उतरल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, लाद धोक्याची आहे, पावसाळ्याआधी वस्ती हलवावी. तालुक्याच्या साहेबांचा फोन आला. ते फार गोड बोलले. कंपनीचा आकडा चौदा, तुमचा तीन, तेव्हा मधला काहीतरी धरून ‘साधारणपणे स्थिर’ असं लिहिता येईल का, सगळ्यांचीच सोय होईल. इतक्या मोठ्या आयुष्यात या शब्दाने बाईंचा इतका अपमान कधी केला नव्हता. त्यांनी साहेबांना विचारलं की तुमच्या घराच्या डोक्यावर एक बाजूने चौदा आणि एक बाजूने तीन असलेला डोंगर ठेवला तर तुम्ही कुठल्या बाजूने झोपाल. साहेबांनी फोन ठेवला. पण लेखी अहवाल डावलायची त्यांची छाती झाली नाही, आणि पावसाळाभर वस्ती हलवायची, लाद जागची हलली नाही तर दिवाळीला परत, असं ठरलं. शामकांतही जेवताना म्हणाले, एवढं ताणायची गरज होती का, म्हातारीने शिव्या दिल्या असतील. बाईंनी त्यांच्या पानात भाजी वाढली नाही.

म्हातारीने शिव्याच दिल्या. मे महिन्यात गायरानात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि ऊसतोडीवरून परतलेली घरं कुरकुर करत तिकडे गेली. मालनबाई शेवटची निघाली. चूल मोडवली नाही, म्हणून तशीच ठेवली. पाटा मात्र बरोबर घेतला. जाताना तिने नीलांबरीबाईंना तोंडावर सांगितलं की लेकाच्या शब्दावर घर सोडलं नव्हतं, आणि आता दगडाला काटकी लावून बघणाऱ्या बाईच्या शब्दावर घर सोडायची पाळी आली. त्या दिवशी बाई लादीच्या वर, जिथे ती डोंगरापासून सुटत होती त्या भेगेवर, सिमेंटने काचेच्या पट्ट्या चिकटवायला आल्या होत्या. लाद केसभर हलली तरी काच तडकणार. मच्छिंद्रने समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने बघायचं आणि लादीवर कुणी पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

पाऊस लागला आणि फोन सुरू झाले. मालनबाई नातवाच्या मोबाईलवरून फोन करायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच वाक्य, “डोंगर पडला न्हाई.” मग फोन बंद. कधी जरा मोकळी बोलली तर गायरानाचं गाऱ्हाणं सांगायची. चिखल होतो, माशा होतात, शेडच्या जमिनीची धूळ भाकरीत येते. सारवून घ्या की, असं बाई एकदा म्हणाल्या. त्यावर मालनबाई फणकारली की दोन-चार म्हैन्याच्या बिऱ्हाडाला कोन सारवतंय, दिवाळीला मी माझ्या घरी हाय. मच्छिंद्रला विचारलं तर तो म्हणायचा की धुकं आहे, काच दिसत नाही, पण चालतंय की. त्या चालतंय कीने बाईंचं रक्त आटायचं.

आणि या सगळ्यात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, ती त्यांनी शामकांतांनाही सांगितली नाही. सकाळी उठल्याबरोबर त्या पेपरात पाथर्डीचा पाऊस बघायच्या. जास्त पडला असेल तर त्यांना बरं वाटायचं. फोन आला, पडला न्हाई ऐकलं, की त्यांना हिरमुसल्यासारखं व्हायचं. आपण वाट बघतोय. तो डोंगर पडावा, लोकांच्या चुली चेंदून जाव्यात, आणि आपला तीन खरा ठरावा, म्हणून वाट बघतोय. स्वतःची अशी किळस त्यांना पूर्वी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर उघडला आणि पुन्हा तोच रकाना बघितला.

पोळा झाल्यावर पावसाने उघडीप दिली. बाई न कळवता गेल्या. मच्छिंद्र घाईघाईने मागे आला. कमरेला दोर बांधून, तो मागच्या पक्क्या खडकातल्या झाडाला अडकवून त्या भेगेपर्यंत गेल्या, आणि त्यांना काच दिसली नाही. सगळी भेग सारवलेली होती. शेण-माती कालवून, बोटांचे अर्धगोल फराटे उमटवून, घरातली भिंत लिंपावी तशी डोंगराची भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत लिंपलेली. आणि त्या सारवणातून एक भेग सरळ धावत गेली होती.

मच्छिंद्र शपथेवर सांगू लागला की त्याला यातलं काही माहीत नाही. ते खरं असावं, कारण तो इतका गोंधळलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता. त्या सारवण नखाने खरवडू लागल्या. एका थराखाली दुसरा थर निघाला, तोही उललेला. त्याच्याखाली आणखी एक. सगळ्यात खाली त्यांच्या काचेचे तुकडे होते, भेगेच्या दोन बाजूंना चिकटून बसलेले, आणि मधली फट आता अंगठा जाईल एवढी झाली होती. लाद निघाली होती. पावसाळाभर, थोडी थोडी, खाली.

इतक्यात पलीकडून धापा टाकत मालनबाई वर आली. डोक्यावर घमेलं, त्यात कालवलेली शेण-माती. बाईंना बघून ती थबकली.

“तुम्ही इथे चढता?” नीलांबरीबाईंचा आवाज फाटला. “ज्या लादीखालून तुम्हाला बाहेर काढलं, तिच्या डोक्यावर तुम्ही या पावसात एकट्या चढत होतात?”

मालनबाईने घमेलं खाली ठेवलं. “काच फुटली हे तुमाला कळलं आसतं तर परत कदी येऊ दिलं नसतं आमाला,” ती म्हणाली. “म्हनून लिंपलं. लिंपलं की उलतंय. परत लिंपलं की परत उलतंय. घराच्या भितीला अशी भेग गेली आसती तर मी कवाच बाहेर पडले आसते, म्याडम. मला काय कळत न्हाई व्हय?”

रागावून बोलण्यासारखं खूप होतं. फोनवर काच फुटल्याचं लपवलंत, जीव गेला असता, पोराला सांगायचं होतं. पण नीलांबरीबाईंचा तीन खरा ठरला होता, आणि त्याचा आनंद शोधूनही त्यांना सापडेना. त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, तो मालनबाईच्या कमरेला बांधला आणि टोक मच्छिंद्रच्या हातात दिलं. घमेलं स्वतः उचललं. ते जड होतं. एवढं ओझं घेऊन ही बाई पावसाळाभर इथे कशी चढली, हे त्यांना समजेना. उतरून वस्तीवरून जाताना कुणी थांबलं नाही. मालनबाईने आपल्या दाराकडे एकदा बघितलं आणि चालत राहिली.

गायरानात शेडपाशी आल्यावर बाईंनी घमेलं दारात ठेवलं. आतली जमीन उखडलेली होती, सगळीकडे धूळ. मालनबाईने उंबऱ्याच्या जागेवर उभं राहून ती बघितली. मग तिने पाटा उचलून बाहेर ठेवायला लेकाला सांगितलं, लुगडं वर खोचलं, घमेलं आत ओढलं, आणि मागच्या कोपऱ्यापासून जमीन सारवायला घेतली. तिचा हात एकसारखा फिरत होता. मच्छिंद्र आईकडे बघून एकदम बाहेर निघून गेला.

ओल्या जमिनीवर पाय ठेवायचा नसतो, म्हणून नीलांबरीबाई बाहेर पाट्यावर टेकल्या. शामकांतांचा फोन आला. कुठे आहेस, कधी पोचशील. बाईंनी आत बघितलं. अजून निम्मी जमीन व्हायची होती.

“येते,” त्या म्हणाल्या. “साधारण सातपर्यंत.”